तुम्ही ऐकता काय?

कुमार गंधर्वांनी जन्म घ्यायला बेळगावजवळचं सुळेभावी हे गाव निवडलं, ही 8 एप्रिल 1924 ची गोष्ट. तिचा त्रास मला शंभर वर्षांनी झाला, खडेबाजारात, एका स्पीकरच्या दुकानात.

बेळगावच्या माणसाला गाणं कळतं की नाही, हा विषय त्या तारखेलाच कायमचा मिटला. त्याआधी गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून निम्मं काम करून ठेवलंच होतं. खाली धारवाड, हुबळी, गदग. म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई, भीमसेन. वर कोल्हापूर, म्हणजे अल्लादियाखाँसाहेब. मधे आम्ही. दोन्हीकडनं एवढं गाणं सांडत असताना मधल्या माणसाचा कान कोरडा कसा राहील, अशी आमची ठाम समजूत. त्यात पु. ल. देशपांडे काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, आणि पुढं त्यांनी 'रावसाहेब' लिहून आमची पंचाईत करून ठेवली. उरलेल्या महाराष्ट्राला तेव्हापासून वाटतं, की बेळगावचा माणूस वरनं कितीही शिव्या देत असला तरी आतनं त्याचं तंबोऱ्याशी काहीतरी चालू असतं. पुण्यातल्या लग्नात मी नुसतं 'बेळगाव' म्हटलं की समोरचे गृहस्थ आवाज खाली आणून विचारतात, "मग काय, गाणंबिणं?" मी डोळे अर्धे मिटतो. उजवा हात किंचित वर नेऊन हळूच खाली सोडतो. एवढ्यावर भागतं. आजवर भागत आलं.

आमच्या घरात माणसं चार आणि चौघांचं एकमत फक्त आमटीवर. बाबांना नाट्यसंगीत, तेही जुन्या तबकड्यांवरचं. त्यांच्या रेडिओची सुई आयुष्यभर धारवाड आणि सांगली या दोन केंद्रांच्या मधे येरझाऱ्या घालत राहिली; सीमाप्रश्न त्यांनी त्या सुईपुरता सोडवलेला होता. बायको निपाणीची, पण शाळा कन्नड, त्यामुळे सकाळी अभंग आणि दुपारी डॉ. राजकुमार. राजकुमारांचं गाणं लागलं की तिचा भाजी चिरणारा हात थांबतो. मी बोलत असलो तर चालू राहतो. मुलगी कोरियन ऐकते. दोन भाषांच्या भांडणात वाढलेल्या पोरीनं तिसरीच निवडली, यात मला तिचा समजूतदारपणा दिसतो. आणि मी कुमार गंधर्व. निदान सांगताना.

टीव्हीखाली एक आडवा डबा होता. त्यातनं प्रत्येक गाणं एकाच पद्धतीनं बाहेर यायचं. आधी 'भुम्म', मग गाणं. राजकुमार भुम्म, भीमसेन भुम्म, सातच्या बातम्याही भुम्म. एकदा बाबांनी वर्तमानपत्रातनं डोकं काढून विचारलं, "ही बाई कोण रे? घसा बसलाय बिचारीचा." त्या हिराबाई बडोदेकर होत्या. त्याच संध्याकाळी ठरलं, की आता नीट दोन स्पीकर घ्यायचे.

बेळगावात ही गोष्ट चारचौघांत बोलू नये. मुलीचं लग्न ठरवायचंय म्हटलं तर लोक जरा विचार करून बोलतात. स्पीकरला तेवढीही गरज कुणाला वाटत नाही. ऑफिसातले एक जण म्हणाले, "वॉट बघा, वॉट. बाकी सगळं झूट." त्यांनी स्वतःच्या घरचं खोकं दाखवायला आणलं. त्यावर ठळक अक्षरांत हजारो वॉट आणि शेजारी बारीक 'पीएमपीओ'. तेवढे वॉट खरे असते तर आमच्या गल्लीतली पिठाची गिरण त्या स्पीकरवर चालली असती. कामाचा आकडा आरएमएसचा, आणि तो बहुतेक खोक्याच्या बुडाला, किमतीच्या चिठ्ठीखाली तोंड लपवून बसलेला असतो. त्यातही गंमत अशी, की वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. पन्नासाचे शंभर करायला खिसा रिकामा करावा आणि बायकोला विचारावं, तर ती म्हणते, "हं, जरासा वाढल्यासारखा वाटतोय." त्यापेक्षा स्पीकर एका वॉटला एक मीटरवर किती डेसिबल देतो ते बघावं. 87 देणारा आणि 90 देणारा यांच्यात तेच दुप्पट वॉट आयते पदरात पडतात. हे सगळं मी वाचून, कागदावर आकृती काढून, डबा खायच्या सुट्टीत समजावून सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते झालं," खोकंवाले म्हणाले, "पण वॉट किती?"

शेजारच्या निवृत्त मास्तरांचं मत आणखी वेगळं. दोन स्पीकर कशाला, एकच बास. "देव एक, आवाज एक. दुसऱ्याचे पैसे बँकेत ठेवा."

आता साडूंकडे येतो. आमचे साडू निपाणीला असतात. तंबाखूची वखार आणि गणेश मंडळाचं अध्यक्षपद, दोन्ही वडिलोपार्जित. त्यांच्या सोप्यात दोन टॉवर स्पीकर उभे आहेत, छातीएवढ्या उंचीचे, आणि कोपऱ्यात एक सबवूफर, ज्याच्यावर घरातली मांजर हिवाळ्यात झोपते आणि गणपतीत घर सोडून जाते. स्पीकर तपासायची त्यांची रीत एकच आहे. वर पाण्यानं भरलेला पेला ठेवायचा आणि हलगी लावायची. पेला चालत चालत कडेला आला तर स्पीकर चांगला. पडला तर उत्तम.

"पाव्हणं, छातीत लागलं पायजे बघा," ते म्हणतात. "कानानं काय, कुणीबी ऐकतंय."

खरेदी कोल्हापुरातनंच करायची, हा त्यांचा आग्रह. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, दोन राज्यांच्या करांतला फरक गेला, नाक्यावरच्या पावत्या गेल्या. पण कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की वस्तू आपोआप स्वस्त होते, यावरचा निपाणीकरांचा विश्वास कुठलंही सरकार हलवू शकलेलं नाही. गंमत म्हणजे आमचे कोल्हापूरचे नातेवाईक नेमक्या त्याच कारणासाठी खरेदीला बेळगावला येतात. अर्ध्या वाटेवर दोन्ही गाड्या भेटतात. काचा खाली होतात. "कुठं निघालाय?" "स्वस्तात मिळतंय म्हणून." मग दोघंही पेट्रोल जाळत पुढं.

मी खडेबाजारात गेलो. पहिल्या दुकानातल्या पोरानं मला खुर्चीवर बसवलं, दिवे मंद केले आणि हेलिकॉप्टर लावलं. ते डाव्या कानातनं आलं, डोक्यावर घिरट्या घालून उजव्या कानातनं गेलं. मग काच फुटली. मग वीज पडली. मग एक घोडा दौडत माझ्या मांडीवरनं गेला.

"कसं वाटलं सायेब?"

"चांगलंय. पण आमच्या घरात हेलिकॉप्टर कुणी ऐकत नाही."

"आवाज फिरतोय बगा की!"

"फिरतोय खरा. पण गाणं बसून म्हणतात."

पोराला ते पटलं नाही. त्यानं पुन्हा काच फोडली. बेळगावात, खरं सांगायचं तर, वळवाच्या पावसात वीज पडल्याचा आवाज फुकट मिळतो आणि त्याच्यापाठोपाठ करंट जातो. दुकानातल्या विजेत तो अस्सलपणा नव्हता.

दुसरं दुकान गल्लीत आत होतं. काउंटरच्या मागं मालक, पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर. वॉट त्यांनी सांगितले नाहीत, किंमतही नाही. हातातलं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही ऐकता काय, ते सांगा की आधी."

जगातला हा अत्यंत साधा प्रश्न. स्पीकर निवडायचं सगळं शास्त्र एवढ्यावर उभं आहे. स्वतःची दोन-चार गाणी बरोबर न्यावीत, जी आपण खरोखर ऐकतो ती, ज्यांची जागा न् जागा पाठ आहे ती. आणि त्यांवरच स्पीकर पारखावा. हे मलाही माहीत होतं. त्यासाठी बप्पी लाहिरींची तीन-चार गाणी मी मोबाइलवर काढूनही ठेवली होती. दिवसभर काम करून घरी आलं, पंखा लावला, की मला लागतं ते हे. डिस्को. ठेका सुरू झाला की माझा डावा गुडघा आपोआप हलतो. त्याला कुमार गंधर्वांचं जन्मगाव माहीत नाही.

मी तोंड उघडलं, आणि काउंटरच्या दुसऱ्या टोकाला रिमोटसाठी दोन सेल घ्यायला आलेल्या गृहस्थांनी मान वळवली. आमचे कॉलेजातले सर. ज्यांनी आम्हाला मराठी शिकवलं आणि गॅदरिंगला मला स्वतःहून तंबोऱ्यामागं बसवलं होतं, ते.

"कुमारजी," मी म्हणालो.

"वा," सर म्हणाले.

"कुठलं?" मालकांनी विचारलं.

"निर्गुणी लावा," मी म्हणालो, आणि डोळे अर्धे मिटले.

पुढची वीस मिनिटं त्या दुकानात जे चाललं ते बघून दोन गिऱ्हाइकं चपला काढून आत आली. मालकांनी माझाच मोबाइल जोडून एकच भजन तीन जोड्यांवर वाजवलं. मोठ्या वूफरची जोडी त्यांनी अर्ध्यावरच बंद केली. "हे नको तुम्हाला. डग्गा बगा, गवयाच्या पुढं येऊन बसतोय. ख्याल-भजनाला एवढं पोट कशाला? माणसाचा गळा मधल्या पट्टीत असतोय, मधलं स्वच्छ पायजे." मग पाच इंची वूफरचे, कपाटात पुस्तकांशेजारी मावतील असे दोन लहान डबे लावले. "आता तंबोरा ऐका. जवारी सुटी सुटी ऐकू येतेय काय?"

येत होती. चार तारा चारी दिशांना दिसाव्यात अशी. मलाही ते कळलं, हे इथं नोंदवून ठेवतो. सरांनी चष्मा पुसला. दुकानात गडी होता तोही गंभीर झाला. कुमारजींनी शेवटचा सूर ठेवला, कुणी हललं नाही, आणि त्या शांततेत माझ्या मोबाइलमधल्या अ‍ॅपनं, माझी आवड वर्षानुवर्षं अभ्यासून, पुढचं गाणं आपणहून लावलं.

बप्पी लाहिरी. पूर्ण आवाजात.

"मुलीचं आहे," मी म्हणालो. ती बिचारी कोरियन ऐकते.

मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गुडघ्याकडे बघितलं. "अजून एक जोडी दाखवू काय?" त्यांनी हळूच विचारलं. माणूस जाणता होता. पण सरांच्या देखत आता माघार कशी घ्यायची? मी लहान डब्यांवर हात ठेवला आणि पैसे मोजले. विशेष म्हणजे बप्पीदांच्या ठेक्यावर सरांची दोन बोटं काउंटरवर वाजत होती. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ती बोटं सेलच्या पाकिटावर नेऊन ठेवली.

स्पीकर घरी आले त्या रविवारी साडू मुद्दाम निपाणीहून आले. खोकी उघडून त्यांनी आत बघितलं, मग खोक्यामागं बघितलं.

"येवढंच? बाकीचं मागनं येणार हाय काय?"

"एवढेच आहेत."

"आसू दे, आसू दे," ते म्हणाले. आजारी माणसाला भेटल्यावर म्हणतात त्या आवाजात. आणि दुःख विसरायला त्यांनी वायरी जोडायचं काम हातात घेतलं. मी म्हटलं, लाल ते लालला, काळं ते काळ्याला. "करंटला रंग दिसतोय व्हय?" म्हणत त्यांनी दहा मिनिटांत जोडून दिलं. वीस वर्षं मंडळाची लायटिंग ओढलेला माणूस, त्याला काय सांगणार?

गाणं लावलं. कुमारजी गात होते, पण कुठनं, ते कळेना. न्हाणीघराकडनं गात असावेत असं बाबांना वाटलं. बायको म्हणाली माळ्यावरनं. डग्गा तर नाहीसाच झाला होता. नुसता तबला, तोही एका हाताचा. लगेच निदानं सुरू झाली. साडू म्हणाले, व्होल्टेज. मास्तर आवाज ऐकून आलेच होते; ते म्हणाले, तोंड दक्षिणेकडे आहे, फिरवा. मी कुठंतरी वाचलं होतं की नवे स्पीकर सुरुवातीला काही तास वाजत ठेवावे लागतात, मग ते 'मोकळे' होतात. ते मी सांगितलं. म्हणून सगळ्यांनी जेवण होईपर्यंत वाट बघितली. न्हाणीघरातला गवई काही मोकळा होईना.

शेवटी मुलीनं कानातलं काढलं, एका स्पीकरमागच्या दोन वायरी उपसून उलट्या लावल्या आणि पुन्हा कानात घातलं. डग्गा परत आला. कुमारजी भिंतीच्या बरोबर मधोमध येऊन बसले.

"एकाची वायर उलटी होती," ती म्हणाली. "एकाचा पडदा पुढं येताना दुसऱ्याचा मागं जात होता. खालचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात."

एक पुढं ढकलतो, दुसरा मागं ओढतो आणि मधल्यामधे आवाज गायब होतो. बेळगावच्या माणसाला हे 1956 पासून पाठ असायला हवं. घरात एवढी मोठी माणसं असताना त्यांतल्या कुणालाच सुचलं नाही.

त्यानंतर जागेचा प्रश्न आला. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांचा मिळून समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा, स्पीकर कोपऱ्यात कोंबू नये, नाहीतर खालचा आवाज फुगतो. हे नियम ज्यांनी केले त्यांच्या घरी शोकेस नसावी. देव्हारा, बाबांची खाट, शिवणयंत्र आणि गणपतीच्या मखराची राखीव जागा तर नसावीच. सगळं टाळून, टेप लावून, खडूच्या खुणा करून मी जो एकमेव त्रिकोण काढला त्याचं तिसरं टोक नेमकं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आलं. तिथं बसलं की गाणं अप्रतिम. वीतभर इकडं सरकलं की कुमारजी शोकेसकडे झुकतात, तिकडं सरकलं की शिवणयंत्राकडे.

"उंबऱ्यावर बसू नये," बाबा म्हणाले.

"पण आवाज तिथंच जुळतोय."

"उंबऱ्यावर फक्त नरसिंह बसला. आणि तो गाणं ऐकायला बसला नव्हता."

मी तरी बसायचो. बायको हातात आमटीचं पातेलं घेऊन 'सरका' म्हणायची. मी सरकायचो, गाणं शिवणयंत्राकडे जायचं. ती पलीकडे गेली की मी परत. असे आम्ही तिघं, मी, ती आणि कुमारजी, रात्रीच्या जेवणापर्यंत जागा बदलत राहायचो.

खाली शहाबादी फरशी, समोर काचेची शोकेस, त्यामुळे आवाज घरभर आपटत फिरायचा. उपाय म्हणून मी समोरच्या भिंतीवर आजीची जाड वाकळ खिळ्यांनी ताणून लावली. आवाज निवला. मात्र येणारा प्रत्येक पाहुणा बसायच्या आधी विचारी, "पावसात वाळत नाहीत ना?" शोकेसचंही एक प्रकरण झालं. डग्ग्याचा एक ठरावीक घुमारा आला की आतनं 'झर्रर्र' अशी दाद यायची. अगदी समेवर. मी काचा आवळल्या, पेल्यांची उतरंड काढून ठेवली, बाहुली बाहेर नेली. तरी झर्रर्र. अखेर साडूंनी कान लावून लावून हुडकलं. माझं वक्तृत्वाचं ढालबक्षीस, पितळी पत्रा सैल झालेलं. त्यांनी खिशातल्या बिडीच्या कट्ट्याचा कागद फाडून चौपदरी घडी केली आणि ढालीमागं खोचली. वक्तृत्व बंद झालं. बायको म्हणाली, हा कागद आणखी कुठं कुठं खोचता येईल?

बाबांचा वेगळाच तंटा. मी मोठ्या हौसेनं त्यांना बालगंधर्वांची 78 च्या तबकडीवरनं उतरवलेली पदं लावून दिली. त्या काळी ध्वनिमुद्रणात फार वरचे स्वर सापडतच नसत, त्यामुळे माझ्या नव्या रेशमी ट्वीटरला तिथं गाण्यातलं काही काम नव्हतं. होती ती तबकडीची खरखर. ती त्यानं जीव तोडून वाजवली. बाबांनी पूर्ण तीन मिनिटं ऐकलं.

"पूर्वी खरखर एवढी स्वच्छ नव्हती," ते म्हणाले, आणि रेडिओकडे गेले.

राहिलो मी. रात्री सगळे झोपले की उंबऱ्यावर बसून मी आवाज कमी ठेवून बप्पीदा लावायचो. सगळं ऐकू यायचं. शब्द, बासरी, मागच्या बायकांचा कोरस, कुणीतरी घेतलेला श्वास. एवढा स्वच्छ डिस्को बेळगावात कुणी ऐकला नसेल. पण ज्याच्यासाठी तो ऐकायचा ते पोटातलं धप्प-धप्प पाच इंचांच्या वूफरला पेलत नव्हतं. बप्पीदा संकष्टी धरल्यागत गात होते. गुडघा हलेना. मला कधी नव्हे ते गाण्याचे शब्द कळायला लागले, आणि ते कळावेत अशी त्या गाण्यांची कधीच अपेक्षा नव्हती.

अशाच एका रात्री साडूंचा फोन आला. आवाज दबका.

"पाव्हणं, एकलंच हाय न्हवं?"

"हो. का?"

"त्ये तुमचं बारकं स्पीकर... हायत आजून?"

मग हळूहळू बाहेर पडलं. हा माणूस रोज पहाटे वखारीत जातो, दार आतनं लावून घेतो आणि तंबाखूच्या बोदांच्या मधे बसून मोबाइलवर भीमसेन जोशींची संतवाणी ऐकतो. किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नाही. घरच्या टॉवरवर लावून बघितली तर पखवाज एवढा मोठा झाला की मंडळाची पोरं पळत आली. त्यांना वाटलं मिरवणुकीची तालीम सुरू झाली. "अध्यक्ष अभंग ऐकत बसतोय म्हनल्यावर पुढल्या साली वर्गणी कोन दील?" त्यांचा आवाज खरंच कातर झाला होता. "तुमच्याकडं त्या दिशी तंबोरा ऐकलाय, तवाधरनं झोप न्हाई. माझं मोठं घ्या, तुमचं बारकं द्या. पर कुणाला बोलू नका."

अदलाबदल करायची ठरली. कुठं, हा पेच. निपाणीत त्यांना कुणी लहान डबे उतरवून घेताना बघायला नको होतं. बेळगावात भरदिवसा माझ्या दारात टॉवर उतरलेले मला नको होते, कारण सर त्याच रस्त्यानं फिरायला जातात. शेवटी संकेश्वर नक्की झालं. हायवेच्या कडेला एक हॉटेल आहे, तिथं रात्री. मी बेळगावहून केए 22, ते तवंदी घाट ओलांडून केए 23. दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, डिक्क्या उघडल्या आणि न बोलता खोकी इकडची तिकडं करायला लागलो. दोन पन्नाशीचे गृहस्थ, अंधारात, घाम पुसत, सारखे मागं वळून बघत. एवढं बघितल्यावर कुठल्याही राज्याचा पोलीस थांबला असता. कर्नाटकचा थांबला.

"एनैत्री अदराग?" त्यानं खोक्यावर काठी टेकवून विचारलं. आत काय आहे म्हणून.

"स्पीकर री," मी म्हणालो.

"रात्री?" हे मराठीत.

साडूंनी दोन्ही हात जोडले. त्यांना पोलिसांशी बोलायची सवय आहे, पण ती मंडळाच्या परवान्यापुरती. त्या सवयीनं ते बोलून गेले, "सायेब, धाच्या आत बंद करनार." मग तर त्याला खात्रीच पटली.

"हच्चि तोरसरी." लावून दाखवा.

हॉटेलवाल्यानं भज्यांच्या काउंटरमागचा प्लग दिला. टॉवर अंगणात उभे राहिले, अँप्लिफायर टेबलावर. आता लावायचं काय? पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी विचारणाऱ्याच्या हातात काठी. मी कुमारजी म्हणणार होतो, सवय. पण साडू वस्ताद. ड्यूटीवरचा कन्नड पोलीस, त्याचं मन राखायचं म्हणून त्यांनी 'मनसु मल्लिगे' मधलं गाणं लावलं. म्हणजे आपला 'सैराट' च. 2016 ला मराठीत आला, पुढल्या वर्षी कन्नडमध्ये. नायिका तीच रिंकू राजगुरू, संगीत तेच अजय-अतुल, चाली त्याच. 'सैराट' च्या संगीताचं काही ध्वनिमुद्रण तर थेट हॉलिवूडला जाऊन केलेलं. आता ते संकेश्वरच्या अंगणात, कांदाभज्यांच्या धुरात, टॉवरमधनं सुटलं. टेबलावरचे पेले चालायला लागले. हॉटेलातली पोरं बाहेर आली. एक ट्रक थांबला.

पोलिसानं अर्धं कडवं ऐकलं आणि हात वर केला. साडूंनी घाबरून बंद केलं.

"ह्ये नको," तो म्हणाला. "मराठीदु हच्चरी. त्याला मज्जा हाय."

मराठी लावलं. ट्रकच्या क्लीनरनं पहिली उडी मारली, मग हॉटेलच्या पोरांनी. साडू अध्यक्ष असल्यानं त्यांना राहवेना. माझा डावा गुडघा बऱ्याच महिन्यांनी आपणहून हलला, पाठोपाठ उजवाही. पोलीस नाचला नाही, पण त्याची काठी जमिनीवर ठेका धरून होती आणि एकही मात्रा चुकत नव्हती. तयार कान. सुळेभावी काही तिथनं फार लांब नाही.

गाणं संपल्यावर हॉटेलवाला पुढं आला. वस्तीत रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी, 2000 सालचा नियम आहे, हे त्यानं पोलिसाला पोलिसाच्या देखत नम्रपणे सांगितलं.

पोलिसानं टॉर्च मारून घड्याळ बघितलं.

"इन्नू ऐद मिनिट ऐत्री," तो म्हणाला. अजून पाच मिनिटं आहेत. "इन्नोम्मे हच्चरी." पुन्हा एकदा लावा.